दोष फरशीचा

“जळ्ळं मेलं हे! जरा वाकलं की बोंबलतंय. माणसानं श्वास घ्यायचा, तर तोबी याला विचारून घ्यायचा का?”

आवाज माझ्या कानात होता, कानाच्या पाळीला चिकटून बोलावं इतका जवळ. मागे पीठ मळताना परात सरकल्याचा आवाज. मी हसू दाबलं.

“काकी, मी शैला. सगळं ठीक आहे ना?”

“ठीक हाय गं. ओट्याला दाबला गेला तुझा बिल्ला.”

“माझा नाही काकी, तुमचा आहे तो. गळ्यातच ठेवा.”

“गळ्यात आधीच एक हाय. त्याचं वजन पुरे होतंय मला.”

तेव्हा मी हे थट्टेवारी नेलं होतं.

ही गोष्ट आहे मी कोल्हापुरात एका सेवेत कामाला होते तेव्हाची. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता बंद पडली आणि मला त्याचं काही वाईट वाटलेलं नाही. काम असं होतं: ज्यांची मुलं लांब आहेत अशा म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आम्ही एक बिल्ला घालायचो. बिल्ल्यावर बटण, बटणामागे बारीक माइक, आणि हॉलमध्ये स्पीकर नि माइक असलेला एक डबा. पडलं, चक्कर आली, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. इकडे कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर आम्ही चौघीपाचजणी कानाला हेडफोन लावून बसलेल्या. बटण दाबलं गेलं की आम्ही आधी क्षणभर नुसतं ऐकायचं, मग डब्यातून बोलायचं, आणि काही गडबड वाटली तर त्या घरच्या ‘पहिल्या माणसा’ला फोन करायचा. पहिला माणूस म्हणजे ज्याला सगळ्यात आधी विचारायचं तो. प्रत्येक घराचा एकेक ठरवलेला असायचा. कुणाची शेजारीण, कुणाचा पुतण्या.

मी दहावीपर्यंत शिकलेली. कॉम्प्युटर मी नवरा गेल्यावर आपला आपण शिकले, आणि म्हाताऱ्यांशी बोलणं कुठे शिकावं लागतं? जेवलात का, औषध घेतलं का, इतकं विचारलं की बांध फुटतो. कुणी साखरेचं सांगायचं, कुणी सुनेचं. मला आवडायचं ते काम. खोटं कशाला बोलू.

आणि त्यात कलावतीकाकी आवडायच्या सगळ्यात जास्त.

कलावती माने, कराडच्या. नदीपासून थोडं लांब, कॉलनीतलं शेवटचं बैठं घर. यजमान जगन्नाथ माने, पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. मुलगा धनंजय बेंगळुरूला, मुलगी उज्ज्वला पुण्याला. सेवा धनंजयनं घेतलेली, कारण आई पडायला लागली होती. आणि काकींचा पहिला माणूस होते नाना. साहजिकच की. घरात नवरा असताना शेजाऱ्याला कोण विचारतं?

काकी पडायच्या. बाथरूममध्ये पडल्या, मागच्या पायरीवर पडल्या, जोत्यावरून पडल्या. नाना फोन उचलायचे, आणि काय आवाज होता माणसाचा! रेडिओवर बातम्या द्याव्यात असा. “काही काळजी करू नका शैलाताई, पडली जरा. मी आहे इथे.” काकींशी बोलू का म्हटलं की, “आत्ताच डोळा लागलाय तिचा.” दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मित्रांबरोबर फिरायला गेले की काकींचा बिल्ला ‘चुकून’ दाबला जायचा आणि आमच्या गप्पा व्हायच्या.

“लागलंय का फार?”

“हाताला जरा. तू सांग, तुझ्या त्या घोरपडे आजोबांची साखर उतरली का?”

“काकी, डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. फरशी निसरडी हाय म्हणाला.”

मग फरशीच्या मागे सगळे हात धुऊन लागले. बाथरूममध्ये रबरी मॅट आली. भिंतींना धरायला स्टीलचे दांडे बसले. काकींना खास तळव्यांच्या चपला आल्या, कॅल्शियमच्या गोळ्या आल्या, चष्मा बदलला, मागच्या पायरीला खरबरीत पट्ट्या चिकटवल्या. धनंजय महिन्यातून एकदा आमच्या ऑफिसात फोन करून आणखी काय बसवता येईल ते विचारायचा. इतक्या शिकलेल्या, समजूतदार माणसांनी मिळून एका फरशीला दोषी ठरवलं होतं, आणि फरशी बिचारी काय बोलणार!

त्या दुपारी माझ्या टेबलावर काकींच्या घराचा दिवा लागला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून पोळीचा तुकडा मोडत होते. हेडफोन चढवला आणि नियमाप्रमाणे आधी ऐकलं.

“चहा परत उकळायचा नाही, असं किती वेळा सांगितलंय?”

नाना. आवाज चढलेला नव्हता. तोच रेडिओवरचा, गुळगुळीत.

“चुकलं,” काकी म्हणाल्या. “दुसरा टाकते.”

“इकडे बघ.”

“टाकते म्हणलं ना दुसरा.”

“इकडे बघ म्हटलं मी.”

मग भांडं पडलं. आणि भांड्यामागून आणखी एक आवाज आला, जड, जो भांड्याचा नव्हता. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

“काकी!” मी ओरडले. पलीकडे हॉलमधला डबा माझ्या आवाजानं दणाणला असणार, कारण लगेच पावलं वाजली.

“कोण, शैलाताई का?” क्षणही गेला नव्हता मध्ये. “अहो, पडली परत. ओट्यापाशी पाणी सांडलं होतं. तुमची सेवा फार तत्पर आहे हं, धनूला सांगितलं पाहिजे.”

“काकींना बोलू द्या.”

“देतो की. जरा बसू दे तिला.”

“आत्ता द्या, नाना.”

थोडी खुडबुड झाली आणि मग काकींचा आवाज आला. “पडले गं. बरी हाय. जेवलीस का तू?”

जेवलीस का तू! मी जेवणाचा डबा बंद केला. मी तडक पेठे सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमचे साहेब. वाईट माणूस नव्हता, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मी ऐकलं ते सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत बसले.

“तू पाहिलंस का काही?”

“मी इथे कोल्हापुरात बसलेय सर. पाहणार कशी? ऐकलं.”

“मग पडल्या असं धरू.”

“सर, पडण्याआधी माणूस बटण दाबत नाही. त्यांनी आधी दाबलं.”

“दाबलं गेलं असेल. ओट्याला दाबलं जातं म्हणून तूच सांगितलं होतंस.”

“निदान पहिला माणूस तरी बदला. ज्याच्यामुळे...” पुढचा शब्द तोंडात आला होता. सरांनी हात वर केला आणि तो तिथेच अडवला.

“शैलाबाई, आपण पडलेल्या माणसाला उठवायची सेवा देतो. लोकांच्या संसारात शिरायची नाही. उद्या मुलगा म्हणेल, आमच्या वडिलांवर आळ घेतला. आहे काही उत्तर?”

उत्तर होतं. पण ते माझ्याऐवजी त्या घरातल्या माणसानं द्यायला हवं होतं, म्हणून मी उज्ज्वलाला फोन केला. कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. नियम गेले खड्ड्यात.

“उज्ज्वलाताई, आज काकी स्वयंपाकघरात पडल्या. मी लाइनवर होते. पडायच्या आधीपासून होते.”

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते.

“नाना चहावरून काहीतरी बोलत होते,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. “बाथरूमची मॅट जुनी झालीये. बदलून घेते मी.”

“स्वयंपाकघरात, ताई.”

“हो हो. कळलं मला.” आणि फोन ठेवला.

तिला कळलं होतं. मला त्याच क्षणी कळलं की तिला माझ्या कितीतरी आधीपासून कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा बिल्ला वाजला तेव्हा मी आडवळण घेतलं नाही. “काकी, मी पोलिसांशी बोलू? बायकांसाठी माणसं असतात त्यांच्याकडे, घरी येतात.”

“आणि मग? येतील, चहा पितील, ह्यांना नमस्कार करून जातील. निम्मं गाव ह्यांना ओळखतंय.”

“मग तुम्ही मुलांशी बोला.”

त्यांच्या आवाजात एकदम काकुळती आली, जी मी कधी ऐकली नव्हती. “शैले, तू काय बोलू नको. तू बोललीस की ते म्हणतील, आईला हलवा हितनं. मला हलायचं न्हाई. हे घर बांधलं तेव्हा हे धरणावर होते. भिंतींना पाणी मी मारलंय, सकाळ-संध्याकाळ, उज्ज्वला कडेवर. माझं घर हाय हे. पडेन, उठेन. हितंच ऱ्हाईन.”

मी बोलले नाही. तरी ते त्यांना हलवायला निघालेच.

पंधरवड्याच्या आत धनंजयचा मेल आला. आईचं पडणं थांबत नाही, घरी राहणं आता सुरक्षित नाही, पुण्याजवळ एका केंद्रात जागा मिळाली आहे, तिथे चोवीस तास नर्स असते. सेवा बंद करावी आणि डबा घेऊन जावा. नाना घरीच राहतील, त्यांची प्रकृती उत्तम आहे.

त्यांची प्रकृती उत्तम आहे! मी तो मेल वाचून दाखवला तेव्हा आमच्यातल्या वंदनानं हेडफोन टेबलावर आपटला. डबा आणायला शिपाई जायचा. मी सरांना म्हटलं, कराडला मी जाते. ते माझ्या तोंडाकडे बघून ‘जा’ म्हणाले.

घर पाहिलं. दारापासून मोरीपर्यंत रबरी मॅट, जिथे तिथे दांडे, जणू घर नाही, एसटीच आहे. काकी कोचाच्या कडेला बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, गळ्यात माझा बिल्ला. केवढीशी होती ती बाई!

“काकी,” मी म्हटलं.

त्यांनी चमकून पाहिलं. “अगं बया! आवाजावरनं मी तुला जाडी समजत होते.”

सगळे हसले. तेवढंच हसू त्या दिवसातलं. नाना उठून उभे राहिले. पांढरा शर्ट, उंचपुरे, हात जोडून. “या शैलाताई. आवाज ओळखीचा, चेहरा आज दिसला. बसा. कला, चहा.”

काकी उठायला लागल्या तशी उज्ज्वला म्हणाली, “मी टाकते.” आणि जवळजवळ पळतच आत गेली. नवा टाकला असणार. त्या घरात उकळलेला चहा परत कोण उकळणार होतं?

धनंजय माझ्या समोर बसला. चांगला दिसत होता, दमलेला, दाढी वाढलेली. “आम्हाला काय हौस आहे का मॅडम? पण रोज फोन वाजला की छातीत धस्स होतं. तिकडे ती सुरक्षित तरी राहील.”

“मला जायचं न्हाई, धनू.”

“आई, परत तेच नको ना.”

“दुसरी फरशी घाल. खरबरीत घाल. आंगणात असती तसली.”

“आता किती फरश्या बदलायच्या?”

“मी जपून चालीन,” काकी म्हणाल्या. पोरासमोर, स्वतःच्या पोरासमोर, त्या शाळेत बाकावर उभ्या केलेल्या मुलीसारख्या बोलत होत्या. “ह्यांना विचार. आता मी जपून चालते. व्हय की न्हाई हो?”

“प्रयत्न करते बिचारी,” नाना म्हणाले. “पण वय आहे. मी एकटा कुठे कुठे बघणार? तिथे काळजी घेतील तिची. मी येत जाईन भेटायला.”

मी ठरवून गेले होते की डबा उचलायचा, काकींचा हात हातात घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, कारण त्यांनी तसं मागितलं होतं. पण त्या ‘बिचारी’नं माझं डोकं फिरलं.

“नाना,” मी म्हटलं, “तुम्ही पण याच फरशीवर चालता ना? तुम्ही का नाही पडत?”

आतून येणारा कपबशांचा आवाज थांबला.

“मी जपून चालतो, बाई,” नाना हसून म्हणाले. ताई गेलं होतं, बाई आलं होतं.

“मॅडम,” धनंजय माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुम्ही डबा न्यायला आला आहात ना?”

“हो. डबाच न्यायला आले. त्याला कान होते, एवढं लक्षात असू द्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय ते विचारा, सांगते.”

त्यानं विचारलं नाही. मान खाली घालून तो पायाखालच्या मॅटची कड अंगठ्यानं दाबत राहिला, मोठ्या कंपनीतला मोठा माणूस.

“शैलाताई दमल्या आहेत,” नाना म्हणाले. “दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची म्हणजे सोपं नाही. उज्ज्वला, आईची बॅग आण. ऊन चढायच्या आत निघा.”

उज्ज्वला आली ती चहा न आणताच आली. आतल्या खोलीतून बॅग ओढत आणली. चेन पुरती लागलेली नव्हती, साड्यांचे काठ बाहेर दिसत होते. ती आईसमोर खाली बसली आणि बिल्ला काढायला तिनं हात वर केले. दोरी मानेवरून सरकली तशा काकी कळवळल्या. उज्ज्वलानं पदर जरासा बाजूला केला. मानेच्या मागे, केसांच्या खाली, हिरवा-पिवळा डाग होता, चार बोटं उमटावीत तसा. तिनं तो पाहिला. मी पाहिला. धनंजयनंही पाहिला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

उज्ज्वलानं पदर जागच्या जागी नीट बसवला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“आई, तू फार पडतेस गं,” ती म्हणाली. “तिथे तुला कुणी पडू देणार नाही.”

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. माझ्या मनात आलं, आता ही बाई उठेल, मुकाट्यानं गाडीत बसेल, आणि हे सगळे सुटकेचा श्वास टाकतील. पण काकींनी तिच्या हातातून बिल्ला काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“उज्ज्वला, तू लहान असताना कुठं लपायचीस गं?”

“आई, नको.”

“पलंगाखाली. आणि धनू कपाटामागं. सगळं निवलं की मी तुम्हास्नी हाका मारायची, चला, जेवायला चला म्हणून. मग तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत न्हवता. ताटाकडं बघून जेवायचा.”

“आई, प्लीज,” धनंजय खिडकीकडे बघतच म्हणाला.

“तवा लहान होता. मी म्हणलं, पोरं हाईत, कशाला बोलायचं. आता तुझे केस पिकले, धनू.”

“कला,” नाना म्हणाले.

एकच शब्द. चढलेला नाही, गुळगुळीत. मी तो आवाज ओळखला, आणि खोलीतल्या सगळ्यांनीच ओळखला, कारण उज्ज्वलाचे खांदे आपोआप आकसले, पन्नाशीच्या बाईचे.

काकी दांडा न धरता उभ्या राहिल्या. नानांकडे त्यांनी पाहिलं नाही. बॅगेची चेन पुरती उघडली, साड्यांची चळत दोन्ही हातांनी उचलली आणि कोचावर ठेवली. मग रिकामी बॅग पायानं मुलीकडे सरकवली.

“मी पडत न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी कधीच पडले न्हाई. जगन्नाथ मला मारतो. लगीन झाल्यापासनं मारतो. ह्यात त्याचे कपडे भर.”